कानाने शोधायचा बेडूक : आंबोलीतले चार दिवस

पहिला दिवस : दाणोली, घाट आणि संध्याकाळचं ऐकणं

सावंतवाडीहून आंबोली तीसेक किलोमीटर. दाणोली मागे पडलं की घाट सुरू होतो. खालचा चिकचिकीत उकाडा वळणावळणाने कमी होत जातो आणि सातशे मीटरच्या आसपास धुकं अंगावर येतं. जूनचा दुसरा आठवडा. मृगाच्या सरी लागून चारच दिवस झाले होते. झुडपी बेडकांसाठी यावं तर अशाच दिवसांत. मे महिन्याच्या शेवटी वळवाची एखादी सर आली की नर ओरडायला लागतात खरे, पण पुढे दोन दिवस ऊन पडलं की गप्प होतात. जुलैत उलटी अडचण. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या या गावात तेव्हा सर थांबतच नाही आणि पानांवरच्या माऱ्यात दोन हातांवरचा बेडूकही ऐकू येत नाही. सर येते, अर्धा तास थांबते, पुन्हा येते, असे दिवस जूनमध्येच मिळतात. बेडूक ऐकायचा तो त्या अर्ध्या तासात.

बेडकांसाठी आंबोलीला येणाऱ्यांची गर्दी बहुतेक करून मलबार ग्लायडिंग फ्रॉगभोवती असते. हिरवागार, बोटांत लालभडक पडदे, तळहातभर मोठा, पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं बांधणारा. देखणा आहे आणि सापडायलाही सोपा. या चार दिवसांचा विषय मात्र रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढा, दोन-अडीच सेंटीमीटरचा तपकिरी झुडपी बेडूक आहे : राओर्केस्टेस बॉम्बेएन्सिस. प्राणिशास्त्रज्ञ अॅननडेलने १९१९ मध्ये आज कर्नाटकात असलेल्या कॅसल रॉकच्या नमुन्यावरून याचं वर्णन केलं. कॅसल रॉक तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून नावात बॉम्बे; मुंबई शहरात याला शोधायला जाऊ नये. राओर्केस्टेस हा वंश २०१० मध्ये वेगळा केला गेला आणि नावातला ‘राव’ आला तो बंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांच्यावरून.

पहिल्या संध्याकाळी कॅमेरा खोलीतच ठेवावा. नवख्या माणसाला आंबोलीची रात्र म्हणजे एकच सलग कल्ला वाटतो. तो सुटा करायला एक संध्याकाळ द्यावीच लागते. सूर्यास्ताआधी अर्धा तास गावाबाहेरच्या रस्त्याकडेला उभं राहावं, टॉर्च बंद ठेवावा आणि एका वेळी एकाच थराकडे कान द्यावा. आधी जमीन, मग गुडघ्याएवढी झुडपं, मग डोक्यावरची झाडं.

जमिनीवरून पहिला आवाज आला मायक्रोहायला ऑर्नाटाचा. फणीच्या दातांवरून अंगठ्याचं नख जोरात ओढावं तसा खरखरीत आणि अंगाच्या मानाने भलताच मोठा. हाही दोन सेंटीमीटरच्या आसपासचा, पण याचा झुडपाशी संबंध नाही. चाकाच्या खड्ड्यात किंवा गवतातल्या डबक्यात बसतो. तोंड निमुळतं, पाठीवर झाडाच्या आकाराची गडद नक्षी, कानाचा पडदा बाहेरून दिसत नाही आणि बोटांच्या टोकांना झुडपी बेडकासारख्या रुंद चकत्या नाहीत. ही शेवटची खूण पक्की धरावी. चकती दिसली नाही तर तो आपला बेडूक नव्हे.

पावणेआठच्या सुमाराला कारवीच्या दाट झुडपांतून कोरडी टिकटिक सुरू झाली. टिक, टिक, टिक, टिक, मग थोडी विश्रांती, पुन्हा तेवढीच माळ. पहिल्या ऐकण्यात कुणीही याला रातकिडा म्हणेल. फरक असा : रातकिड्याचा सूर सलग असतो, कानाला शिट्टीसारखा लागतो आणि मिनिटंच्या मिनिटं चालतो. बेडकाची टिकटिक तुटक असते. प्रत्येक टिकेला सुरुवात असते, शेवट असतो, आणि एक नर थांबला की चार हातांवरचा दुसरा उत्तर देतो. उत्तर ऐकू आलं की तो बेडूक, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या रात्रीची निम्मी चूक टळते. दुसरी फसगत करतात पानांवरून गळणारे थेंब. थेंबाला लय नसते. डोळे मिटून वीसपर्यंत मोजावं. लय मोडली तर थेंब.

दुसरा दिवस : दोन टॉर्च, एक झुडूप

दिवसभर संततधार. दुपारी रात्रीची तयारी केली, आणि या तयारीत बेडकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी येतात, म्हणून जरा सविस्तर.

बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि बऱ्याच अंशी श्वासही घेतो. माणसाच्या हातावरचं डास पळवणारं मलम त्याच्या अंगात सरळ उतरतं. मलम लावायचंच असेल तर मानेला, कपड्यांवर, तळव्यांना नाही. आंबोलीत जळवा भरपूर असतात आणि त्यांच्यासाठी मोज्यांवर मीठ किंवा तंबाखू चोळायची पद्धत आहे. ती इथे सोडून द्यावी. मीठ हाताला लागतं, हातावरून पानावर जातं, ओल्या मोज्यांतून डबक्यात उतरतं. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळवांचे मोजे मिळतात, तेच वापरावेत. बुटांचा चिखल आदल्या जागीच ब्रशने घासून काढावा. कायट्रिड बुरशी जगभर बेडकांना मारते आहे आणि ती पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळली आहे. चिखलाबरोबर ती एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाते. पूर्ण वाळल्यावर बुरशी मरते, पण जूनमध्ये आंबोलीत बूट वाळत नाहीत. म्हणून चिखल काढून झाल्यावर ७० टक्के अल्कोहोलचा फवारा मारायचा आणि तो उडून जाईपर्यंत थांबायचं.

कॅमेऱ्याची एकच अडचण असते, धुकटलेली लेन्स. बंद खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत आणली की काचेवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा धरते. निघण्याआधी अर्धा तास पिशवी तोंड उघडं ठेवून व्हरांड्यात ठेवली की हा त्रास राहत नाही. राखीव जंगलात रात्री जायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधीच घ्यावी. या बेडकासाठी मात्र आत जायची गरजही फारशी पडत नाही. रस्त्याकडेची, शेताच्या बांधावरची, घरामागची झुडपं त्याला पुरतात.

रात्री साडेआठ. तापमान २२ अंश, सर नुकतीच थांबलेली. टिकटिक एका झुडपातून येत होती आणि झुडूप माणसाच्या छातीएवढं उंच. आता खरं काम. इतका लहान बेडूक नुसता टॉर्च फिरवून सापडत नाही. मोठ्या बेडकांचे डोळे उजेडात चमकतात. याचे डोळे मोहरीएवढे, आणि समोर प्रत्येक पानावर चमकणारा थेंब. म्हणून कानाने जागा ठरवायची.

रीत अशी. दोघांनी झुडपापासून सारख्या अंतरावर, एकमेकांपासून तीन-चार मीटर दूर उभं राहायचं. दोन्ही टॉर्च बंद. प्रत्येकाने आवाजाच्या दिशेने टॉर्च रोखायचा, पण लावायचा नाही. पाच-सहा माळा होऊ द्यायच्या, हात थोडा इकडेतिकडे सरकवत दिशा पक्की करायची, मग खूण करून दोघांनी एकदम टॉर्च लावायचे. जिथे दोन झोत एकमेकांना छेदतात त्याच्या वीतभर परिसरात बेडूक असतो. उजेड मंद ठेवावा, लाल कागद लावला तर उत्तम.

फसतं कुठे? जवळपास नेहमी उंचीत. माणसाच्या कानाला डावं-उजवं चांगलं कळतं, वर-खाली कळत नाही. गुडघ्याच्या उंचीवरचा नर छातीच्या उंचीवर आहे असं हमखास वाटतं. यावर उपाय म्हणजे मान खांद्याकडे पूर्ण कलती करून ऐकायचं. तसं केलं की वर-खालीचं डावं-उजवं होतं. दुसरी चूक रुंद पानाची. नर पानामागे बसलेला असला तर आवाज शेजारच्या पानावर आपटून येतो आणि झोत रिकाम्या पानावर पडतो. अशा वेळी जागचं हलू नये, पानं तर अजिबात चाळू नयेत. एकाने दोन पावलं बाजूला सरकून नवी दिशा घ्यावी. पावलांनी बेडूक गप्प झाला तर टॉर्च बंद करून उभं राहायचं, कधी दोन मिनिटं, कधी सात-आठ. आधी शेजारी ओरडायला लागतो आणि त्याचं ऐकून हाही लागतो. आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला चिडवण्याचा मार्ग सोपा आहे, पण धरू नये. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर जागा सोडतो, आणि त्या रात्रीची त्याची मेहनत फुकट जाते.

याच उंचीवर, याच झुडपांत हिरवा चापडा हा विषारी साप बसतो आणि तोही बेडकांसाठीच. फांदीला हात लावण्याआधी ती टोकापासून बुंध्यापर्यंत उजेडात पाहून घ्यायची, यात हयगय नको.

तिसऱ्या प्रयत्नात झोत जुळले. जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटरवर, कारवीच्या पानाच्या मधल्या शिरेवर, तोंड देठाकडे करून नर बसलेला. पाठ सुक्या पानाच्या रंगाची, तिच्यावर गडद ठिपक्यांची विस्कटलेली नक्षी. डोळे अंगाच्या मानाने मोठे, बाहुली आडवी. पुढच्या बोटांमध्ये पडदे नाहीत, मागच्या बोटांमध्ये थोडेसे. प्रत्येक बोटाच्या टोकाला चपटी गोल चकती, आणि त्या चकत्यांच्या कडेने पानावरचं पाणी किंचित उचलून आलेलं.

लाल उजेडात दोन मिनिटं गेली. मग त्याच्या कुशी आत गेल्या आणि हनुवटीखालची पिशवी फुगली. डोक्याहून मोठी, साबणाच्या फुग्यासारखी पारदर्शक. तिच्यावरची बारीक रक्तवाहिनी उजेडात दिसत होती. टिक झाली की पिशवी जरा थरथरते, पुन्हा ताणते. ओरडताना त्याचं तोंड बंद असतं. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रावरून पिशवीत येते आणि तीच परत फुप्फुसात जाते. नवा श्वास घ्यायला थांबावं लागत नाही, म्हणून तासन् तास ओरडणं परवडतं. तरीही आवाज ही त्याची रात्रीची सगळ्यात मोठी कष्टाची गोष्ट आहे. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू प्रत्येक टिकेला ताणून दोरीसारखे उभे राहत होते. मादी इतकी जोरात ओरडत नाही. ती अंधारात ऐकते आणि निवडते.

फोटो किती घ्यावेत? मऊ केलेल्या फ्लॅशचे चार-पाच पुरे : एक बाजूने, एक वरून, एक समोरून चकत्या दिसतील असा. मापासाठी बेडूक उचलायचा नाही. तो स्वतःहून हलला की त्याच पानावर, त्याच जागी मोजपट्टीचा कागद ठेवून त्याच अंतरावरून एक फोटो घ्यायचा आणि पानाच्या शिरांवरून हिशेब करायचा. काही जण बेडूक उचलून शेवाळलेल्या देखण्या फांदीवर ठेवतात. हे चूकच आहे. ओरडायची जागा नराने शेजाऱ्यांपासूनचं अंतर आणि ओलावा जमवून घेतलेली असते. शिवाय अशा फोटोत राहणीची माहिती खोटी जाते, आणि पुढे ती कुणीतरी खरी धरतो.

तिसरा दिवस : चौकुळचा सडा आणि पाण्याशिवायची अंडी

सकाळी शेजारच्या चौकुळ गावाच्या वाटेवरचा जांभ्याचा सडा. रात्रीच्या झुडपांच्या अगदी उलट जागा : उघडी, सपाट, काळपट, उथळ डबक्यांनी भरलेली. आंबोली टोड, झँथोफ्रायनी टायगरिना, इथला. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. कुशीवरचे पिवळे पट्टे वाघासारखे, म्हणून नाव टायगरिना. पावसाच्या पहिल्या काही दिवसांत सड्यावरच्या उथळ डबक्यांत याची वीण उरकते. आम्ही पोचलो तेव्हा नर तुरळक उरले होते, पण डबक्यांत अंडी होती. सड्यावर चालताना डबक्यात पाय पडू देऊ नये. पाणी घोटाएवढंही नसतं आणि बुटाच्या एका पावलाखाली एक पूर्ण वीण जाते. हा टोड अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो. त्याचं जग म्हणजे हा परिसर, त्यापलीकडे फारसं काही नाही.

परतीच्या वाटेवर जांभ्याच्या गडग्याच्या फटीत एक छोटा बेडूक दिसला, पाय दुमडून, भिंतीच्याच रंगाचा. इंडिराना चिरावासी. २०१४ मध्ये आंबोलीवरूनच वर्णन झालेली जात, आणि नाव आपल्या भाषेतलं : चिऱ्यात राहणारा तो चिरावासी. याचे बेडूकमासे पाण्यात पोहण्याऐवजी ओल्या दगडाला चिकटून राहतात. जुने गडगे पाडून सिमेंटच्या भिंती घातल्या की याची फट जाते, हे गावात सांगायला हवं. फट बुजवू नका म्हटलं तर लोक ऐकतात. बेडूक वाचवा म्हटलं की हसतात.

संध्याकाळी पुन्हा झुडपं. इथे त्या लहानग्याबरोबर त्याचा जरा मोठा नातलग राहतो, आंबोली झुडपी बेडूक, स्यूडोफिलॉटस आंबोली. याचंही वर्णन २००९ चं. लांबी तीन सेंटीमीटरच्या पुढे आणि रंगांचा काही नेम नाही : एकाच झुडपात एक राखाडी, एक पिवळट, एक पाठीवर रुंद पट्टा असलेला. म्हणून रंगावरून नाव ठरवण्याच्या फंदात पडू नये. आकार, जागा आणि आवाज ही तिन्ही जुळली तरच नाव लिहावं. दोन जुळली आणि एक अडलं तर वहीत ‘झुडपी बेडूक, अनिश्चित’ असंच राहू द्यावं.

दोघांमध्ये सारखी आणि बेडकांत विलक्षण अशी गोष्ट त्यांच्या अंड्यांत आहे. शाळेत शिकलेली बेडकाची साखळी (पाण्यात अंडी, शेपटीचा बेडूकमासा, पाय फुटणं, शेपूट झडणं) इथे चालत नाही. शेतातला नेहमीचा मोठा बेडूक पाण्यात हजारोंनी अंडी सोडतो. यांची अंडी मोजकी, पण आकाराने मोठी, भरपूर पिवळा बलक असलेली आणि पाण्यापासून दूर दिलेली. पोहणारा बेडूकमासा होतच नाही. सगळी वाढ अंड्याच्या आतल्या आत होते आणि बाहेर येतं ते चार पायांचं पूर्ण पिल्लू. त्यामुळे या बेडकांना डबकं लागत नाही, पण हवेतला ओलावा मात्र सतत लागतो. अंड्याला कवच नाही, नुसतं जेलीचं आवरण आहे. झुडपाखालचा पालापाचोळा झाडून काढला, कडेची झुडपं छाटून ऊन आत आलं, की अंडी सुकतात. तळं बुजवलं तर सगळ्यांना दिसतं. रस्त्याकडेचं झुडूप छाटलं तर त्याला स्वच्छता म्हणतात, आणि या बेडकाचं नुकसान नेमकं तिथे होतं.

रात्री परतताना गाडी २० च्या वेगाने आणली, पुढे एक जण पायी टॉर्च घेऊन. सर थांबल्यावर रस्ता उबदार असतो आणि बेडूक, टोड, खेकडे सगळे त्यावर येतात. पहिल्या पावसाच्या आठवड्यात, अंधार पडल्यावर, या रस्त्यांवर गाडी काढायचीच नाही, हे सगळ्यात बरं.

चौथा दिवस : हिरण्यकेशी, आणि पहाटेची फीत

आवाज नोंदवायचा तर शेवटची पहाट ठेवावी. तोवर कान तयार झालेले असतात आणि कोणता नर कुठे बसतो ते ठाऊक असतं. साडेचारला पहिल्याच झुडपाशी, धुकं इतकं की टॉर्चचा झोत दोन मीटरवर संपत होता. धुक्यात हे बेडूक उजाडल्यानंतरही ओरडतात.

फोनवर नोंद घेतली तर एक दोष येतोच. बहुतेक फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतात. दोन टिकांमधल्या शांततेत फोन पार्श्वभूमीचा सळसळाट वर उचलतो आणि पुढची टिक दाबतो. ही सोय बंद करता येणारं अॅप घ्यावं किंवा साधा रेकॉर्डर वापरावा. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. माइक बेडकापासून अर्धा ते एक मीटर, आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. रेनकोट काढून ठेवायचा. त्याची एक घडी हलली तरी फीत जाते. किमान तीन मिनिटं सलग घ्यायची. फीत पुढे कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून; नाहीतर आवाज दाबला जातो आणि आवाजाच्या आलेखावर टिकांच्या कडा पुसट होतात.

उजाडल्यावर हिरण्यकेशीला. नदीचा उगम इथल्या गुहेत, मंदिरापाशी. कुंडात राहणाऱ्या शिस्टुरा हिरण्यकेशी या लहान माशाचं वर्णन २०२० मध्ये झालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. ओढ्याकाठच्या दगडांत नाइट फ्रॉग असतात, निक्टिबॅट्रॅकस वंशाचे. याच वंशात केरळ आणि तमिळनाडूत २०१७ मध्ये वर्णन झालेल्या काही जाती जेमतेम १२-१३ मिलिमीटरच्या आहेत. पालापाचोळ्याखालून किड्यासारख्या ओरडतात, आणि इतकी वर्षं नजरेआड राहिल्या त्या याचमुळे. ओढ्याजवळ आवाज नोंदवू नये. पाण्याची घरघर खालच्या पट्टीत सगळं व्यापते. झुडपी बेडकांची टिकटिक साधारण दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये असल्याने कानाला ऐकू येते, पण फितीत मोजण्याजोगी राहत नाही.

दुपारी फितीचा आलेख उघडला. त्यात उंच सूर वर दिसतात, खालचे तळाशी. वर रातकिड्यांच्या सलग आडव्या रेषा, तळाशी वाऱ्याचा करडा पट्टा, आणि मधोमध उभ्या, तुटक, सारख्या अंतराच्या रेघांची माळ. एका मिनिटातल्या माळा मोजायच्या, पण शेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला किंमत नाही. बेडकाचं अंग हवेबरोबर थंड होतं आणि गार पहाटे तोच नर सावकाश ओरडतो. दोन वेगळ्या रात्रींच्या फिती तापमानाशिवाय ताडून पाहणारे एकाच बेडकाच्या दोन जाती करून बसतात. म्हणून तपशील वहीत नंतर लिहू म्हणून ठेवायचा नाही. फीत चालू असतानाच, बेडूक थांबल्यावर, हळू आवाजात बोलून टाकायचा. त्या पहाटेच्या फितीच्या शेवटी तो असा आहे : आंबोली, पहाटे चार अठ्ठावन्न, तापमान एकवीस, धुकं दाट, पाऊस नाही, कारवीचं पान, जमिनीपासून साठ सेंटीमीटर, नर एक, शेजारी ओरडणारे अंदाजे चार. वाक्य संपता संपता मागे शेजारच्याची टिकटिक सुरू झालेली ऐकू येते.